तारा बनताना वायू बाहेर का फेकतो? सोलापूरच्या विद्यार्थिनीच्या तीन प्रश्नांना उत्तर

सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र घेतलेल्या एका मुलीने विचारलं आहे: "सर, जेम्स वेब दुर्बिणीने काढलेलं एचएच 211 चं चित्र पाहिलं. नवा तारा दोन्ही बाजूंना वायूचे झोत सोडतोय असं त्याखाली लिहिलंय. पण तारा तर सगळं आत ओढून घेऊन तयार होतो ना? मग तो बाहेर कशाला फेकेल? चित्रातले रंग खरे असतात का? आणि माझ्या भावाचा फोटो स्टुडिओ आहे, त्याच्याकडे आयआर फिल्टर काढलेला एक कॅमेरा आहे. तो दुर्बिणीला लावून सोलापुरातून यातलं काही टिपता येईल का?"

अवरक्त (इन्फ्रारेड) प्रतिमांवर मी बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॅमेऱ्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे तुझा आणि भावाचा खर्च वाचेल.

फिल्टर काढलेला कॅमेरा "इन्फ्रारेड कॅमेरा" म्हणून विकला जातो आणि ते खोटंही नाही. पण त्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो, आणि सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन उडवायला प्रकाशकणाकडे किमान 1.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. म्हणजे साधारण 1.1 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढच्या तरंगलांबीचा प्रकाश सिलिकॉनला दिसतच नाही. या झोतांच्या वर्णपटातली सगळ्यात कामाची रेषा, हायड्रोजनच्या रेणूची, आहे 2.12 मायक्रॉनवर. तिथल्या प्रकाशकणाची ऊर्जा जेमतेम 0.58 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे हवी त्याच्या निम्मी. रात्रभर एक्स्पोजर दिलं तरी काही उमटणार नाही. त्यासाठी पारा-कॅडमियम-टेल्युराइडचे डिटेक्टर वापरतात आणि ते द्रव नायट्रोजनच्या तापमानाला गार ठेवावे लागतात. नाही तर डिटेक्टर आणि त्याच्या आजूबाजूचं यंत्र आपल्याच उष्णतेने चित्र भरून टाकतं.

यात हवेचीही अडचण आहे. मे महिन्यात सोलापुरात पारा 42 अंशांवर गेला की भिंती, रस्ते, दुर्बिणीची नळी आणि खुद्द हवा, या सगळ्यांचं उत्सर्जन 9 मायक्रॉनच्या आसपास शिखरावर असतं आणि त्याचा उतार 2 मायक्रॉनपर्यंत पोचतो. त्यात वातावरणातली पाण्याची वाफ अवरक्ताचे मोठे पट्टे शोषून घेते, आणि 85-90 किलोमीटर उंचीवरचे हायड्रॉक्सिल रेणू स्वतःच चमकत राहतात. म्हणून अशा दुर्बिणी कोरड्या आणि उंच जागी नेतात. आपल्याकडे लडाखमध्ये हानले इथे सुमारे 4500 मीटरवर दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे, नैनितालजवळ देवस्थळला 3.6 मीटरची आहे. दोन्हींवर टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तयार केलेली अवरक्त उपकरणं चालतात, आणि हानलेचा वर्णपटमापक थेट या 2.12 मायक्रॉनच्या पट्ट्यात काम करतो. वेब तर पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटर दूर, सूर्याकडे पाठ करून गारठ्यात बसली आहे.

आता तुझा खरा प्रश्न. आत ओढणारा तारा बाहेर का फेकतो?

माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, बाहेर फेकल्याशिवाय त्याला आत घेताच येत नाही. पुष्कळ लेखांत हे झोत म्हणजे बालताऱ्याची "ढेकर" किंवा उरलंसुरलं बाहेर टाकणं, असं लिहिलेलं असतं. ते मनातून काढून टाक. खरी अडचण आहे फिरण्याची.

तारा ज्या ढगाच्या गाभ्यातून बनतो तो गाभा साधारण 20,000 खगोलीय एककं रुंद असतो, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या 20,000 पट. तो फिरतो, पण अगदी सावकाश, एका फेरीला काही दशलक्ष वर्षं लागतील इतका. या गाभ्यातला वायू ताऱ्याच्या आकाराला यायचा तर व्यास लाखो पटींनी कमी व्हायला हवा. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा, टिकून राहतो हे तू बारावीतच शिकलीस. अंतर दहापट कमी झालं की कोनीय वेग शंभरपट वाढतो. मग लाखो पटींचा हिशेब कर. तारा होण्याच्या कितीतरी आधीच वायूचा फिरण्याचा वेग इतका वाढतो की गुरुत्वाकर्षणाला तो आणखी आत खेचता येत नाही. वायू मध्यावर कोसळण्याऐवजी भोवती तबकडी करून फिरत राहतो. ग्रह पुढे याच तबकडीतून बनतात. पण तबकडीतला वायू ताऱ्यावर पोचायचा असेल तर त्याच्या अंगातला कोनीय संवेग कुणीतरी काढून न्यायला हवा. तबकडीतलं अंतर्गत घर्षण आणि खळबळ त्यातला काही भाग बाहेरच्या कडेकडे ढकलते. उरलेल्यातला मोठा वाटा झोत आणि त्याच्याभोवतीचा वारा नेतो.

कसा नेतो, हे कळायला मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या रानातली गोफण डोळ्यांपुढे आण. हात जवळच फिरतो, दगड दोरीच्या टोकाशी लांब फिरतो, आणि सुटतो तेव्हा हाताच्या कितीतरी पट वेग घेऊन जातो. इथे दोरी म्हणजे तबकडीत रुतलेली चुंबकीय बलरेषा. तबकडीच्या पृष्ठभागावरचा वायू थोडा आयनित (काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेला) असतो, म्हणून तो बलरेषेला चिकटून राहतो. रेषेचं मूळ तबकडीबरोबर फिरतं आणि रेषा बाहेर कललेली असते. रॉजर ब्लँडफर्ड आणि डेव्हिड पेन यांनी 1982 साली गणिताने दाखवलं की रेषेचा तबकडीशी असलेला कोन 60 अंशांहून कमी असेल, तर वायू तिच्यावरून आपोआप बाहेर घसरत जातो. ते गणित त्यांनी कृष्णविवरांभोवतीच्या तबकड्यांसाठी मांडलं होतं, आणि पुढच्याच वर्षी ते बालताऱ्यांना लावलं गेलं. मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. तेच यंत्र दोन्ही ठिकाणी चालतं.

आता आकडा बघ. वायूचा एखादा भाग मूळ जागेच्या तिप्पट अंतरावर जाईपर्यंत त्याच कोनीय वेगाने फिरवला गेला, तर त्याच्याकडे प्रत्येक किलोमागे नऊपट कोनीय संवेग असतो, कारण अंतराचा वर्ग होतो. म्हणजे थोडाच वायू बाहेर गेला तरी तो बाकीच्या वायूचा संवेग घेऊन जातो. निरीक्षणांतूनही साधारण तेच दिसतं. आत पडणाऱ्या वस्तुमानाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकं झोतातून बाहेर जातं. पुढे त्याच फिरण्यामुळे बलरेषा अक्षाभोवती गुंडाळल्या जातात आणि वायूला आवळून धरतात. म्हणून झोत पसरत नाही, लांबपर्यंत बारीक राहतो.

यात अजून वाद शिल्लक आहे, तोही सांगतो. झोत नेमका कुठून सुटतो? एक मत असं की तो तबकडीच्या अगदी आतल्या कडेवरून, जिथे ताऱ्याचं स्वतःचं चुंबकक्षेत्र तबकडीला भिडतं तिथून सुटतो. दुसरं मत असं की तबकडीच्या बऱ्याच रुंद पट्ट्यातून सुटतो. 2017 मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने मृग तारकासमूहातल्या एचएच 212 या झोताचं स्वतःभोवतीचं फिरणं मोजलं. त्यावरून सुटण्याची जागा ताऱ्यापासून सुमारे 0.05 खगोलीय एककांवर निघाली, म्हणजे 75 लाख किलोमीटर. बुध सूर्यापासून जितका दूर आहे त्याच्याही कितीतरी आत. माझा कल असा आहे की मधला जोराचा झोत आतून सुटतो आणि त्याच्याभोवतीचा संथ, रुंद वारा तबकडीच्या बाहेरच्या भागातून. दोन्ही मतांना जागा आहे.

चुंबकक्षेत्राचं हे सगळं फक्त कागदावरचं नाही. धनू राशीच्या दिशेला असलेल्या एचएच 80-81 या झोतातून येणाऱ्या रेडिओ लहरी ध्रुवित, म्हणजे ठरावीक दिशेतच कंप पावणाऱ्या, असल्याचं 2010 मध्ये दिसलं. चुंबकक्षेत्रात अतिवेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ती खूण. आणि आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने 2014 मध्ये डीजी टॉरी या सूर्यासारख्या कोवळ्या ताऱ्याच्या झोतात अशाच इलेक्ट्रॉनांचे संकेत पकडले. सोलापूर-पुणे रस्त्याने एवढं लांब गेलीस तर विज्ञानदिनाला तिथल्या अँटेना जरूर बघ.

आता अवरक्तच का, आणि त्या चित्रातले रंग.

हे झोत आधी दृश्य प्रकाशातच सापडले. जॉर्ज हर्बिग आणि मेक्सिकोचे गिलेर्मो आरो यांनी 1950 च्या सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मृगातल्या काळ्या ढगांजवळ वेगळाच वर्णपट असलेले अंधुक ठिपके पाहिले. एचएच ही अक्षरं त्या दोघांच्या आडनावांची (आरो हे नाव Haro असं लिहितात). त्या ठिपक्यांच्या जागीच तारे जन्मत असावेत असं बरीच वर्षं मानलं जाई. 1970 च्या दशकात उलगडलं की ते तारे नाहीत, दूरवरून आलेला वेगवान वायू ढगावर आदळून तापलेल्या जागा आहेत. तरीही झोताचा उगम दिसत नव्हता, कारण तो धुळीत गाडलेला असतो.

धूळ किती आड येते ते बघ. एखाद्या बालताऱ्यापुढची धूळ दृश्य प्रकाशात 30 प्रतींची (प्रत म्हणजे मॅग्निट्यूड, तेजाचं माप) घट करत असेल तर त्याचा लाख कोटींतला एक हिस्सा आपल्यापर्यंत पोचतो, म्हणजे काहीच नाही. त्याच धुळीतून 2.2 मायक्रॉनचा प्रकाश सुमारे विसावा हिस्सा येतो आणि 4.5 मायक्रॉनचा चौथा-पाचवा. धुळीचे कण एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे, त्यांच्यापेक्षा बरीच मोठी लहर त्यांना फारशी जुमानत नाही. एचएच 211 तर 1994 मध्ये सापडलाच अवरक्तात, आणि त्याच्या मध्यावरचा बालतारा इतका झाकलेला आहे की वेबच्या त्या चित्रातही तो थेट दिसत नाही. आपल्याला दिसतात ते त्याने सोडलेले झोत.

आणि हायड्रोजनच का चमकतो? ढगात सगळ्यात जास्त आहे तो हायड्रोजनचा रेणू, पण थंडीत तो मुका असतो. दोन सारखे अणू जोडलेले, त्यामुळे त्याला विद्युत-द्विध्रुव नाही आणि तो सहज प्रकाश सोडत नाही. ढगाचं तापमान 10-20 केल्व्हिन. 2.12 मायक्रॉनची रेषा उठायला वायू 2000 केल्व्हिनच्या आसपास तापावा लागतो. तेवढा तो झोताच्या धडकेतच तापतो. म्हणजे ही रेषा जिथे दिसली तिथे आत्ताच काहीतरी आदळलंय असं समज. मात्र धडक फार जोराची झाली, अंदाजे 25 ते 50 किलोमीटर प्रतिसेकंदाच्या पुढे, तर रेणूच फुटतो आणि ही रेषा विझते. मग तिथे आयनित लोहाची 1.64 मायक्रॉनची रेषा शोधायची. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की धडकेचं टोक आणि तिच्या कडा वेगळ्या कळतात.

एचएच 211 मध्ये वेबने दाखवलेली नवलाई इथेच आहे. खगोलशास्त्रज्ञ टॉम रे यांच्या गटाने 2023 मध्ये ते निकाल छापले. त्या झोताचा आतला वेग 80 ते 100 किलोमीटर प्रतिसेकंद, तरीही त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, सिलिकॉन मोनॉक्साइड हे रेणू शाबूत! कारण धडकेचा जोर झोताच्या एकूण वेगावर ठरत नाही, पुढचा आणि मागचा वायू यांच्या वेगांतल्या फरकावर ठरतो. मागून जरा जोरात सुटलेला वायू पुढच्या संथ वायूला गाठतो, तेवढीच धडक. हा बालतारा फक्त काही दहा हजार वर्षांचा आहे, वस्तुमान आज सूर्याच्या 8 टक्के, आणि पुढे तो सूर्याएवढा होईल असा अंदाज आहे.

रंग मात्र आपण भरलेले असतात. डोळ्याला 0.7 मायक्रॉनच्या पुढे दिसत नाही, त्यामुळे "खरा रंग" म्हणण्यासारखं तिथे काही नसतं. सगळ्यात लांब लहरीचा फिल्टर लाल, सगळ्यात आखूड निळा, मधले मध्ये. वेबच्या पहिल्या वर्षपूर्तीला, जुलै 2023 मध्ये, भुजंगधारीतल्या ऱ्हो ऑफियुकी ढगाचं चित्र आलं होतं. त्यातले लाल फराटे म्हणजे हायड्रोजनच्या रेणूची 4.7 मायक्रॉनजवळची चमक. त्या लाल रंगाचा अर्थ "तापलेला रेणू" एवढाच आहे. गुळगुळीत चित्रावर विश्वास ठेवायच्या आधी त्याखाली कुठले फिल्टर कुठल्या रंगाला लावलेत ते वाचत जा.

तुझ्याजवळ कॅमेरा नसला तरी काम आहे. वेबची प्रतिमा-माहिती ठरावीक मुदतीनंतर मास्ट या अर्काइव्हवर सगळ्यांसाठी खुली होते. फाइल्स फिट्स प्रकारच्या असतात, डीएस-नाइन या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडतात. एक चित्र हायड्रोजनच्या रेषेवरच्या अरुंद फिल्टरचं घे, दुसरं त्याच्या शेजारच्या रुंद फिल्टरचं. ताऱ्यावर तारा येईल अशी दोन्ही जुळव, दुसऱ्याची तीव्रता ताऱ्यांच्या हिशेबाने कमी-जास्त करून पहिल्यातून वजा कर. तारे जातात, धुळीवरून परावर्तित झालेला उजेडही जातो, आणि मागे फक्त झोताच्या गाठी, म्हणजे त्यातले चमकते पुंजके, उरतात. इथे एका गोष्टीला फार जण फसतात. दोन चित्रांमध्ये ताऱ्यांचा आकार किंचित वेगळा असला किंवा जुळवणी अर्ध्या पिक्सेलने चुकली, की प्रत्येक ताऱ्याच्या जागी एक काळा आणि एक पांढरा चंद्रकोरीसारखा तुकडा राहतो. त्यातला पांढरा तुकडा अगदी नव्या गाठीसारखा दिसतो. ओळखायचं कसं? शेजारच्या चार ताऱ्यांकडे बघ. सगळ्यांचे तुकडे एकाच दिशेला असतील तर ती जुळवणीची चूक आहे. खरी गाठ ताऱ्याच्या जागी असलीच पाहिजे असं नाही, आणि तिला काळा जोडीदार नसतो.

गाठी मिळाल्या की दोन्ही बाजूंची अंतरं मोजायची. मृगातला एचएच 212 यासाठी नमुनेदार आहे. डावीकडे जितक्या अंतरावर गाठ, उजवीकडे जवळपास तितक्याच अंतरावर तिची जोडीदार. असं जुळलं की समजायचं, गाठींचं मूळ मध्यावर आहे. वायू दर काही वर्षांनी किंवा दशकांनी जास्त जोराने आत पडला आणि दोन्ही बाजूंना एकदमच जास्त जोराने सुटला. एकाच बाजूला गाठ असेल तर तिथे ढगाचा एखादा दाट भाग आडवा आला असण्याची शक्यता जास्त. झोत नागमोडी असेल तर आणखी गंमत. दोन्ही बाजूंच्या वळणांची आरशातल्यासारखी जुळणी दिसली तर बालतारा एखाद्या जोडीदाराभोवती फिरत असावा. वळणं इंग्रजी एस अक्षरासारखी उलटसुलट दिसली तर तबकडीचा अक्षच डोलत असावा. एचएच 211 च्या आतल्या भागात आरशासारखी वळणं आहेत, म्हणून तिथे दोन तारे असावेत असा अंदाज केला जातो. 2024 मध्ये सर्प तारकासमूहातल्या एका ढगाच्या चित्रात तर कित्येक झोत एकमेकांना समांतर दिसले. मूळ ढगाचं फिरणं आणि त्याचं चुंबकक्षेत्र त्यातून जन्मलेल्या ताऱ्यांनी कसं सांभाळून ठेवलं, ते अशा ठिकाणी वाचता येतं.

गाठी हलतातसुद्धा, आणि ते तू स्वतः मोजू शकतेस. 100 किलोमीटर प्रतिसेकंद म्हणजे वर्षाला 315 कोटी किलोमीटर, सुमारे 21 खगोलीय एककं. एचएच 211 जवळपास 1000 प्रकाशवर्षं दूर आहे, तिथून हे अंतर वर्षाला 0.07 सेकंदाच्या कोनाएवढं दिसतं (इथे सेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). वेबच्या लांब लहरींच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल 0.063 सेकंदाचा. म्हणजे वर्षाला एक पिक्सेल! आणि झोत जवळजवळ आडवाच असल्याने त्याची हालचाल पूर्ण दिसते. 1994 च्या जमिनीवरच्या चित्रापासून 2022 च्या वेबच्या चित्रापर्यंत दोन सेकंदांचा फरक पडायला हवा. तो जुन्या, अस्पष्ट चित्रातही मोजण्यासारखा असतो. मार्गदर्शक शिक्षकांना विचारून हाच प्रकल्प घे, असं मी सुचवेन.

डोळ्यांनी बघायचंच असेल तर जानेवारीत, गड्डा यात्रेची गर्दी ओसरल्यावर, नान्नजच्या पुढे अंधारात जा. रात्री नऊच्या सुमाराला मृग दक्षिण-पूर्वेला चांगला वर आलेला असतो. आठ इंची दुर्बीण मिळाली तर मृगाच्या तलवारीच्या खाली एनजीसी 1999 हा लहानसा धुरकट ठिपका सापडतो. हर्बिग आणि आरो यांनी पाहिलेले एचएच 1 आणि 2 त्याच्या अगदी शेजारी आहेत. नजरेला ते दिसणार नाहीत, पण हायड्रोजनची लाल रेषा, 0.656 मायक्रॉनची, त्यांच्यातून जोरात येते, आणि ती सिलिकॉनला दिसते. भावाचा तो फिल्टर काढलेला कॅमेरा इथे कामाचा आहे. दुर्बीण आकाशाच्या गतीने फिरवणारी मोटर हवी, हायड्रोजन-अल्फा फिल्टर हवा, आणि दोन-दोन मिनिटांच्या पुष्कळ फ्रेम्स एकावर एक रचायची तयारी हवी. पहिल्या रात्रीच्या फ्रेम्स घेतल्या की कच्च्या फाइल्स तशाच जपून ठेव, जेपीजी करू नकोस.